काल

रणधीर कपूर यांनी दिग्दर्शित केलेल्या पहिल्या चित्रपटाचं नाव ‘कल आज और कल’ (1971). पृथ्वीराज आजोबा, राज कपूर वडील, रणधीर नातू. पडद्यावरचं नातं घरातलंच. नावातला पहिला ‘कल’ आजोबांचा, शेवटचा नातवाचा, आणि दोघांना शब्द एकच. मराठीत हे नाव जमणार नाही. आपल्याला ‘काल’ आणि ‘उद्या’ असे दोन शब्द लागतात.

हिंदी ‘कल’ आणि मराठी ‘काल’, दोन्हींचं मूळ संस्कृत ‘कल्य’, म्हणजे पहाट. न्याहारीला ‘कल्यवर्त’ म्हणत, त्याचाच हिंदीत ‘कलेवा’ झाला. पहाट सरलेली असू शकते, येणारीही. म्हणून प्राकृतातला ‘कल्ल’ दोन्हीकडे चालला. हिंदी-गुजरातीनं तो दुहेरी अर्थ जपला. मराठीनं मात्र ‘काल’ मागच्या दिवसालाच बांधून टाकला. ‘परवा’ तेवढा आपण अजून दोन्हीकडे वापरतो!

‘काळ’शी ‘काल’चं नातं आहे, असं अनेकांना वाटतं. ते नाही. संस्कृत ‘काल’मधल्या एकेरी ‘ल’चा मराठीत ‘ळ’ झाला. ‘कल्ल’मधला जोड ‘ल्ल’ ‘ल’च राहिला.

आणि बीटल्सचं 1965 मधलं ‘यस्टर्डे’? त्यातला ‘यस्टर’ आणि संस्कृत ‘ह्यस्’ (काल) एकाच मुळाचे. दुःख याचं, की तो जुना, देखणा ‘ह्यस्’ इंग्रजी गाण्यात आजही ऐकू येतो, मराठीत मात्र उतरलाच नाही.