आधी ठोका, मग शेजार

पुण्यात बंगल्याच्या गॅरेजमध्ये, नाहीतर सोसायटीच्या पार्किंगच्या कोपऱ्यात ड्रिल, ग्राइंडर आणि करवतीचं मशीन मांडून बसणारे गृहस्थ अलीकडे बरेच झालेत. कुणी निवृत्त इंजिनिअर, कुणी आयटीत काम करून कंटाळलेला तरुण. शेजाऱ्याने तक्रार केली की ते माझ्यासारख्या म्हाताऱ्या वकिलाचा पत्ता शोधत येतात. सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच असतं: "आम्ही आधीपासून इथे आहोत, ते नंतर राहायला आले."

वाक्य रास्त वाटतं, पण कोर्टात त्याची किंमत फार थोडी. मी ज्या भागात वाढलो तिथे मात्र एका आख्ख्या आळीने दोनशेहून जास्त वर्षं त्याच वाक्यावर काढली. ती आळी म्हणजे कसब्यातली तांबट आळी.

कसबा ही पुण्यातली सगळ्यात जुनी पेठ. पेशवाईत कोकणातून आलेली, तांब्याची भांडी घडवणारी त्वष्टा कासार मंडळी इथे स्थिरावली. घराची रचना ठरलेली: तळमजल्यावर भट्टी आणि ऐरण, माडीवर संसार. जवळच बुरूड आळी, पलीकडे कुंभारवाडा. ही विभागणी काही कुणी नकाशा काढून केलेली नव्हती. माल, मजूर आणि सोयरीक एकाच ठिकाणी मिळावी म्हणून एका धंद्याची माणसं एकत्र राहिली. पण त्यातून आपसूक एक सोय झाली. ठोक्याचा त्रास ज्याला व्हायचा, त्याच्याही घरात ठोका चालू असायचा. तक्रार करणार कोण आणि कुणाविरुद्ध?

तक्रार करायची ती आमच्यासारख्यांनी. आम्ही आळीला लागून असलेल्या वाड्यातले भाडेकरू, वडील शाळामास्तर. दुपारी एक ते चार पुणं झोपतं म्हणतात. आमच्याकडे ती चैन नव्हती. सकाळी दूधवाला येऊन जातो न जातो तोच पहिला घाव पडायचा. मग दुसऱ्या घरातून दुसरा, तिसऱ्यातून तिसरा, आणि थोड्या वेळात कुठला ठोका कुणाचा हे ओळखणं अशक्य व्हायचं.

हा आवाज टाळता येण्यासारखा नव्हता, हे मला एका घंगाळापाशी बसून कळलं. तांब्याचा पत्रा कापून, तापवून, आकार देऊन भांडं उभं राहतं तेव्हा ते मऊ असतं, हाताने दाबलं तर चेपतं. मग ते ऐरणीच्या गोल तोंडावर चढवायचं आणि घोटून गुळगुळीत केलेल्या हातोडीने मठारायचं. कारागिराच्या उजव्या हातातली हातोडी एकाच जागी पडते, डावा हात भांडं किंचित किंचित फिरवत राहतो. प्रत्येक घाव आधीच्या घावाला चिकटून बसला पाहिजे, मध्ये पत्र्याची मोकळी जागा राहता कामा नये. एक वेटोळं पूर्ण झालं की त्याच्या खाली दुसरं. गिऱ्हाईक म्हणतं, काय सुंदर नक्षी! नक्षी ती आहेच, पण ठोकल्याने तांबं कडक होतं हे खरं कारण. पातळ पत्र्याचा बंब वर्षानुवर्षं पाण्याचं वजन पेलतो तो या घावांच्या जोरावर. फार ठोकलं तर तांबं तडकतं, म्हणून मध्येच पुन्हा भट्टीत घालून मऊ करायचं. सुरुवातीला बद्द असलेला आवाज काम सरकेल तसा खणखणीत होत जातो, आणि जुना कारागीर कानानेच सांगतो की भांडं आता पुरे झालं. शेजाऱ्याला जो त्रास वाटतो तीच कारागिराची मोजपट्टी! इथे गुपचूप काम करा म्हणण्यात अर्थ नव्हता.

मग तंटा का होत नव्हता? होत होता, पण कोर्टात जात नव्हता. दिवेलागणीनंतर मठारकाम नाही. कुणाकडे मयत झाली तर आजूबाजूच्या घरांतले ठोके बंद. बाळंतीण असली तर घरातली बाई जाऊन एवढंच म्हणायची, "काका, आमची सून आलीय." पुढचे काही दिवस मोठं काम आळीच्या दुसऱ्या टोकाच्या घरात हलायचं. परीक्षेला मात्र सवलत नव्हती. मॅट्रिकची मुलं पुस्तकं घेऊन नगर वाचन मंदिरात नाहीतर ओंकारेश्वराकडे जायची. माझे वडील एकदा तावातावाने भांडायला गेले आणि तांब्याची कळशी घेऊन परत आले. आईने विचारलं, भांडण कुठाय? तेव्हापासून आमच्या घरी तक्रार हा विषय संपला.

हे सगळं कौतुकाचं, पण कायदा निराळ्या रस्त्याने गेला आणि त्या रस्त्याची सुरुवात लंडनमधल्या एका मिठाईवाल्यापासून होते. विगमोर स्ट्रीटवर त्याचं घर आणि मागे स्वयंपाकघर. तिथे दोन मोठे खल, त्यांतला एक साठाहून अधिक वर्षं वापरात. लगतच्या विम्पोल स्ट्रीटवर 1865 मध्ये एक डॉक्टर राहायला आला. आठ वर्षं त्याची काही तक्रार नव्हती. 1873 मध्ये त्याने बागेत, मिठाईवाल्याच्या भिंतीला चिकटून तपासणीची खोली बांधली, आणि खलाच्या दणक्यात पेशंटची छाती ऐकू येईना. मिठाईवाला म्हणाला, मी आधीपासून इथे आहे. 1879 मध्ये अपील कोर्टाने निकाल दिला तो डॉक्टरच्या बाजूने. तर्क असा: वीस वर्षांनी हक्क मिळतो हे खरं, पण ती वर्षं त्रास सुरू झाल्यापासून मोजायची. खोलीच नव्हती तोवर त्रास कुणाला होता? याच खटल्यावर अर्थतज्ज्ञ रोनाल्ड कोस यांनी 1960 मध्ये विचारलं की त्रास एकट्या मिठाईवाल्याने दिला असं कसं म्हणता, डॉक्टरने खोली भिंतीला चिकटवली नसती तर? दोघांनी बसून सौदा करणं सोपं असेल तर कोर्टाने हक्क कुणालाही दिला तरी शेवटी काम बरोबर जागी जातं, असं त्यांचं म्हणणं. 1991 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. कळशी घेऊन परतणाऱ्या आमच्या वडिलांना कोस कोण ते ठाऊक नव्हतं.

आपल्याकडे वीस वर्षांच्या वहिवाटीचा नियम 1882 च्या सुखाधिकार कायद्यात आला आणि 1891 मध्ये तो मुंबई इलाख्याला लागू झाला. पण सार्वजनिक उपद्रवाला वहिवाटीचं कवच नाही. त्यातून कुणाची सोय होते म्हणून तो माफही होत नाही, हे 1860 च्या दंडसंहितेनेच सांगून ठेवलं. पुढे 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले: निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा 45.

तांबट आळी मात्र कायद्याने बारीक केली नाही. स्टेनलेस स्टील आलं, गॅसचा गिझर आला, बंब माळ्यावर गेला. कारागिरांची मुलं बँकेत, कंपनीत गेली. काही वाडे पडून इमारती झाल्या आणि तिथे अशी कुटुंबं आली ज्यांचं तांब्याशी नातं फक्त पाण्याच्या बाटलीपुरतं. त्यांनी तक्रार केली तर त्यांचंही चूक नाही. त्यांच्या घरात ठोका नाही, आणि पूर्वी कोण कुणाकडे जाऊन काय सांगायचं हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

म्हणून गॅरेजवाल्या गृहस्थांना मी फी न घेता एवढंच सांगतो. तुम्ही आळी नाही, एकटे आहात. आळीचं कवच तुम्हाला मिळणार नाही. आधीपासून राहत असल्याचे पुरावे गोळा करत बसू नका. शेजारी रात्रपाळीचा आहे का, घरात तान्हं मूल आहे का, दहावीचा पोरगा आहे का, हे तोंडाने विचारा आणि ग्राइंडरची वेळ त्याप्रमाणे ठरवून कागदावर लिहून द्या. भिंतीला टेकवलेलं टेबल भिंतीपासून हलवा आणि पायांखाली जाड रबर घाला, कारण आवाजाचा मोठा वाटा भिंतीतून आणि जमिनीतूनच शेजाऱ्याकडे जातो. एवढं करूनही तो भांडत असेल तर मग माझ्याकडे या. तेव्हा फी पडेल.