मोटारीच्या इंजिनाची विमानावरील बैठक : ‘एअर कॅम्पर’चा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
विमानविद्येचा इतिहास बहुधा राइट बंधू, महायुद्धे आणि मोठे कारखाने यांच्या आधारे लिहिला जातो. घरच्या कार्यशाळेत विमान बांधणाऱ्या कारागिरांची नोंद त्यात क्वचितच आढळते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात चेरी ग्रोव्ह या खेड्यात राहणारे स्वयंशिक्षित मेकॅनिक बर्नार्ड पिटेनपोल (१९०१-१९८४) हे असेच एक कारागीर होत. त्यांच्या ‘एअर कॅम्पर’ या दोन आसनी विमानाच्या आधारे सदर लेखात इंजिनाच्या बैठकीचा विचार केला आहे.

तांत्रिक प्रश्न :
विमानाची इंजिने महाग होती. उलट फोर्डच्या ‘मॉडेल ए’ मोटारीचे सुमारे ४० अश्वशक्तीचे इंजिन सहज मिळत असे. मात्र मोटारीत गाडी ओढण्याचा भार चाकांवर असतो.  विमानात पंख्याची संपूर्ण ओढ इंजिन, त्याचे धारक आणि बोल्ट यांच्यामार्फतच सांगाड्यापर्यंत पोहोचते. इंजिनाचे वजन, कंप आणि पंख्याचा उलटा पीळही तेथेच पेलावा लागतो. सैल झालेला बोल्ट मोटारीत खडखडाट करील. विमानात तो प्राणावर बेतू शकतो.

पिटेनपोल यांनी इंजिनाची दिशा उलटी केली. फ्लायव्हीलच्या टोकाला पंखा जोडला, इंजिन लाकडी धारकांवर घट्ट बसविले आणि रेडिएटर वैमानिकापुढे उंचावर ठेवला. त्यामुळे समोरचे दृश्य काहीसे अडले. परंतु १९२९ मध्ये विमान उडाले.

ज्ञानाचा प्रसार :
‘मॉडर्न मेकॅनिक्स’ मासिकाचे संपादक वेस्टन फार्मर यांचे मत मोटारीच्या इंजिनास प्रतिकूल होते. १९३० मध्ये पिटेनपोल आणि त्यांचे सहकारी दोन विमाने घेऊन मिनियापोलिस परिसरात उतरले. प्रत्यक्ष प्रमाणापुढे मत बदलले आणि १९३२ च्या ‘फ्लाइंग अँड ग्लायडर मॅन्युअल’मध्ये या विमानाचे आराखडे प्रसिद्ध झाले. १९६० च्या दशकात पिटेनपोल यांनी शेवरोले ‘कॉर्व्हेअर’चे हवेने थंड होणारे सहा सिलिंडरचे इंजिन वापरले. आकार व वजन बदलताच बैठकही नव्याने आखावी लागली.

निष्कर्ष :
इंजिन फोर्डच्या कारखान्यात तयार झाले. त्याला विमानाचे इंजिन बनविले ते खेड्यातील कारागिराने आखलेल्या बैठकीने. तंत्रज्ञानाच्या इतिहासात शोधांबरोबरच अशा जोडकामाचीही नोंद घेतली पाहिजे. अन्यथा ज्यांच्या हातांनी तो इतिहास घडला, तेच त्यातून वगळले जातील.