उताराला न्यूट्रल

बाबांच्या जुन्या गाडीच्या कप्प्यात एक वही असायची. लाल कापडी बांधणीची, वाण्याकडे उधारीला असते तशी. पेट्रोल किती भरलं, किलोमीटर किती झाले, ऑइल कधी बदललं, सगळं तारीखवार. पुढे गाडी विकली, वही घरी राहिली. शेवटच्या पानावर बाबांनी सूचना लिहून ठेवल्या होत्या. मी गाडी शिकले तेव्हा ते पान त्यांनी माझ्यापुढे ठेवलं.

सकाळी चोक ओढून पाच मिनिटे गाडी गरम करावी.
घाटाआधी खोपोलीला रेडिएटरचे पाणी पाहावे. गरम असताना झाकण उघडू नये.
पेट्रोल पंप तापल्यास ओले फडके ठेवावे.
स्टेपनीतही हवा भरून घ्यावी.
उताराला न्यूट्रल. पेट्रोल वाचते.

यातली शेवटची सूचना मी अक्षरशः पाळली. तीन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, आईला घेऊन पुण्याहून पेणला निघाले होते. खंडाळ्यानंतर एक्सप्रेसवे सोडून जुन्या रस्त्याने खोपोलीकडे उतरायला लागले आणि गाडी न्यूट्रलमध्ये टाकली. मागे डिकी आंब्यांच्या पेट्यांनी भरलेली. पाय सारखा ब्रेकवर. थोड्या वेळाने जळक्या रबरासारखा वास यायला लागला. मला वाटलं, पुढच्या ट्रकचा असेल. मग एका वळणावर ब्रेक दाबला तर गाडी नेहमीसारखी अडेना. आणखी जोरात दाबला. वेग थोडाच उतरला. हातब्रेक ओढत, कसाबसा दुसरा गिअर टाकत गाडी कडेला घेतली. आई काही बोलली नाही, फक्त तिने दाराची मूठ सोडली नव्हती.

थांबलो ते शिंग्रोबाच्या देवळाच्या अलीकडे. तिथे नारळ फोडायला उतरलेला एक ट्रकवाला चाकातून येणारा धूर बघून आमच्याकडे आला. मी पाण्याची बाटली काढली होती.

"पाणी मारू नका ताई. तापल्या लोखंडावर गार पाणी पडलं की तडा जातो. अर्धा तास अशीच राहू द्या." मग त्याने विचारलं, "कुठल्या गिअरात होती?"

"न्यूट्रल."

"आन् हाच घाट चढायचा असता तर?"

"दुसऱ्या गिअरमध्ये."

"मग उतरायचं पण दुसऱ्यातच. ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं. ब्रेक थांबायला असतो, उतरायला नसतो."

मला बाबांचा राग आला. इतकी वर्षं गाडी चालवलेल्या माणसाने मुलीला हे शिकवावं? तो राग उतरायला बरेच दिवस लागले. त्या दिवसांत मी त्या एका पानाचा इतिहास शोधत बसले.

*

त्या पानातल्या बहुतेक ओळी एका विशिष्ट काळातल्या, एका विशिष्ट यंत्राबद्दलच्या आहेत.

स्वातंत्र्यानंतरच्या तीन-चार दशकांत भारतात मोटार घ्यायची म्हणजे निवड फारशी नव्हती. उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बेसेडर, मद्रासची स्टँडर्ड, आणि आपल्याकडे मुंबईत, कुर्ल्याला तयार होणारी फियाट. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने इटलीच्या फियाटच्या परवान्यावर ही गाडी बनवली. पुढे 1970च्या दशकात तिचं नाव 'प्रीमियर पद्मिनी' झालं, पण मुंबई-पुण्यात लोक शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत राहिले. आयातीवर बंधनं, उत्पादनावर परवान्याची मर्यादा, त्यामुळे नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची. मिळालेली गाडी मग पंधरा-वीस वर्षं टिकवायची.

याचा एक परिणाम आपल्या लक्षात येत नाही. रस्त्यावर जेमतेम दोन-तीन प्रकारच्या गाड्या असल्यामुळे सगळ्यांचे प्रश्न सारखे होते, आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला चालायचं. सोसायटीतल्या काकांनी शोधलेली युक्ती तुमच्याही गाडीला लागू पडायची. पुण्यातल्या नाना पेठेत सुटे भाग घ्यायला गेलं, तर शेजारी उभा असलेला अनोळखी माणूस तुमच्या हातातला भाग बघून तुमची तक्रार ओळखायचा. "मिसिंग करते का? मग आधी पॉइंट घासून बघा." एखादी गाडी रस्त्यात बंद पडली की चार जण थांबायचे ते माणुसकीने, हे खरंच, पण त्या चौघांना बॉनेटखाली काय आहे हेही ठाऊक असायचं.

बाबांची एकेक ओळ या यंत्रातून आली आहे.

चोक घ्या. तेव्हाच्या गाड्यांत पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण कार्ब्युरेटर करायचा. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही. चोक ओढला की हवा कमी होते, मिश्रण दाट होतं आणि इंजिन पेट घेतं. पण गरम होईपर्यंत ते अडखळतं, म्हणून पाच मिनिटं गाडी चालू ठेवून चहा प्यायचा.

ओलं फडकं. हा पेट्रोल पंप म्हणजे आपण रांग लावतो तो नव्हे. टाकीतलं पेट्रोल ओढून कार्ब्युरेटरकडे पाठवणारा छोटा पंप इंजिनलाच बसवलेला असायचा. उन्हाळ्यात घाट चढताना तो इतका तापायचा, की आतल्या पेट्रोलची वाफ व्हायची. वाफ पंपाला ढकलता येत नाही, आणि गाडी टाकीत पेट्रोल असून बंद. ओलं फडकं ठेवून पंप गार केला की वाफेचं परत पेट्रोल व्हायचं. घाटात बॉनेट उघडून पंपावर फडकं पिळणारा माणूस वेडा वाटायचा, पण तो शाळेतल्या विज्ञानाचा धडा करून दाखवत असायचा.

स्टेपनी हा शब्द तर त्याहून जुना. वेल्समधल्या लनेल्ली गावात डेव्हिस बंधूंनी 1904 मध्ये पंक्चर झालेल्या चाकावर तात्पुरतं बसवायचं एक जादा चाक काढलं. त्यांचं दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होतं, म्हणून चाकाचं नाव स्टेपनी. ते चाक केव्हाच इतिहासजमा झालं. इंग्लंडमध्ये हा शब्द आता फारसा कुणाला माहीत नाही. पण आपल्याकडे पंक्चरवाल्याच्या तोंडी एका ब्रिटिश गल्लीचं नाव अजून रोज असतं.

*

आणि उताराला न्यूट्रल?

1973च्या ऑक्टोबरनंतर काही महिन्यांतच जगात कच्च्या तेलाचा भाव सुमारे चौपट झाला. भारतातही पेट्रोल भडकलं. गाडी ही आधीच चैन, आता तिला रोज पाजायचं काय? 'किती अ‍ॅव्हरेज देते?' हा प्रश्न आपल्याकडे गाडीच्या रंगाआधी विचारला जातो, त्याची मुळं अशा दिवसांत आहेत. बाबांच्या वहीत प्रत्येक टाकीचा हिशेब आहे, दशांश चिन्हासकट.

कार्ब्युरेटरच्या गाडीत न्यूट्रलने थोडं पेट्रोल खरंच वाचायचं. उतारावर गिअरमध्ये असलेलं इंजिन चाकांच्या जोराने भराभर फिरतं, आणि फिरताना कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ओढत राहतं. न्यूट्रल केलं की इंजिन मंद होतं, ओढणंही कमी. म्हणजे बाबांचा हिशेब चुकीचा नव्हता. त्यांनी फक्त त्याची दुसरी बाजू लिहिली नव्हती.

दुसरी बाजू अशी, की गिअरमधलं इंजिन उतारावर चाकांना मागे ओढून धरतं. न्यूट्रल केलं की ती पकड सुटते आणि गाडीचं सगळं वजन एकट्या ब्रेकवर येतं. घर्षणाने ब्रेक तापतात, आणि एका मर्यादेपलीकडे तापलेला ब्रेक धरत नाही. त्या काळच्या गाड्यांना सहसा चारही चाकांना ड्रम ब्रेक असायचे. बंद डब्यासारखा तो ड्रम, त्यातली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. म्हणजे ही युक्ती तेव्हाही धोक्याचीच होती. बाबा वाचले, कारण ते हळू चालवायचे, आणि दर दोन वळणांनंतर गाडी तापेल म्हणून थांबायचे. ज्यांना ही युक्ती नडली, ते वही लिहायला उरले नाहीत. अनुभवाच्या सल्ल्यात ही गोम कायम असते. तो आपल्याला नेहमी वाचलेलाच माणूस देतो.

*

मग यंत्र बदललं.

14 डिसेंबर 1983 रोजी पहिल्या मारुती 800ची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते ग्राहकाला दिली गेली. त्या छोट्या गाडीने मध्यमवर्गाच्या सवयी बदलायला सुरुवात केली. 1995 मध्ये चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आलं आणि तिथल्या नव्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसले. तेव्हाचे दोन प्रश्न ऐकण्यासारखे होते. जुन्या गाडीवाला विचारायचा, "शिसं नसलेलं पेट्रोल चालेल का? व्हॉल्व्ह जातील म्हणतात." नव्या गाडीवाला विचारायचा, "गावाकडे शिशाचंच पेट्रोल मिळतं, ते भरलं तर कन्व्हर्टर जाईल का?" दोघांचीही भीती खरी होती. 2000 साली देशभर शिसेविरहित पेट्रोल झालं आणि दोन्ही प्रश्न संपले. त्याच सुमारास प्रदूषणाच्या नव्या निकषांमुळे मोटारींतले कार्ब्युरेटरही गेले आणि त्यांच्या जागी संगणकाच्या हुकमावर चालणारं फ्युएल इंजेक्शन आलं.

फ्युएल इंजेक्शनने बाबांचा हिशेब उलटा केला. आताच्या गाडीत उतारावर गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की संगणक इंजिनचं पेट्रोल जवळजवळ पूर्ण तोडतो. चाकंच इंजिनाला फिरवत असतात, मग पेट्रोल हवं कशाला? न्यूट्रल केलं तर मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला पेट्रोल द्यावंच लागतं. म्हणजे मी त्या दिवशी घाटात जीव धोक्यात घालून पेट्रोल वाचवत नव्हते, जाळत होते.

यंत्र गेलं, सल्ला राहिला. चोक गेला तरी लोक सकाळी पाच मिनिटं गाडी नुसती चालू ठेवतात. आता अर्धं मिनिट पुरतं, मग हळूहळू निघायचं. रेडिएटरमध्ये कूलंट आलं तरी नळाचं पाणी ओतणारे आहेत. गरम असताना झाकण न उघडण्याची ओळ मात्र तेव्हाइतकीच खरी आहे, कारण दाबाखालचं उकळतं पाणी कुठल्याही साली पोळतंच.

पण न्यूट्रलची ओळ नुसती जुनी नाही, ती माणसं मारते. आणि ती आपल्यासारख्या हौशी चालकांपुरती उरलेली नाही. ट्रकचालकाला अनेकदा ट्रिपचे ठरावीक पैसे मिळतात, त्यातून वाचलेलं डिझेल म्हणजे घरी जाणारे पैसे. म्हणून उतारावर न्यूट्रल, काही वेळा इंजिनच बंद. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि ती हवा इंजिनवर चालणारा कॉम्प्रेसर भरतो. इंजिन बंद करून सारखा ब्रेक दाबला की हवाही संपत जाते. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार कित्येक अपघातांनी कुप्रसिद्ध झाला आहे. 20 नोव्हेंबर 2022च्या रात्री तिथे एका अवजड वाहनाच्या धडकेने चाळीसहून जास्त गाड्यांचा चेंदामेंदा झाला. त्या उतारावर न्यूट्रल करू नका, हे वारंवार सांगितलं जातं. त्यात दोष फक्त चालकाचा आहे, असं मला आता म्हणवत नाही. दोन लिटर डिझेलसाठी जीव टांगणीला लावावा लागणं, हा हिशेब त्याने एकट्याने मांडलेला नाही.

*

बोरघाटातून गाडीरस्ता झाला 1830 मध्ये, गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात. 1863 मध्ये याच घाटातून रेल्वे सुरू झाली. लोककथा सांगते, की इंग्रज साहेबांना रेल्वेसाठी वाट सापडेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने ती दाखवली. बक्षीस काय हवं विचारल्यावर तो म्हणाला, माझ्या देशाला स्वातंत्र्य द्या. आणि साहेबांनी त्याला गोळी घातली. त्याचं देऊळ जुन्या रस्त्यावर आहे. 2002 मध्ये पूर्ण झालेला एक्सप्रेसवे त्याला टाळून जातो, पण जुन्या रस्त्याने जाणारे चालक अजून तिथे नाणं टाकतात, नारळ फोडतात.

कथा खरी असो-नसो, मला त्यातली एक गोष्ट आवडते. या घाटाचा देव हा कुणी योद्धा किंवा ऋषी नाही. तो विचारल्यावर वाट सांगणारा माणूस आहे. ज्याला गुरं हिंडवून हिंडवून डोंगर कुठे उतरतो हे माहीत होतं, असा.

त्या ट्रकवाल्याने मला वाट सांगितली, आणि कारणही सांगितलं. बाबांच्या वहीत कारण नव्हतं. सल्ल्याला कारण जोडलेलं असेल, तर यंत्र बदलल्यावर तो तपासता येतो. नुसती ओळ उरली, की ती वडिलांच्या अक्षरातली म्हणून आपण पाळतो.

पेणहून परतल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग वही मागितली. चष्मा लावून शेवटची ओळ खोडली. खाली लिहायला पेन टेकवलं आणि थांबले.

"तूच लिही," म्हणाले. "माझ्या गाडीचं मला माहीत होतं. तुझ्या गाडीचं तू लिही. आणि का ते पण लिही."

मी लिहिलं: ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, कारण गाडीला इंजिन धरून ठेवतं, ब्रेक फक्त थांबवतो. मग जागा उरली होती म्हणून खाली तारीख घातली, आणि गाडी कोणत्या वर्षीची, तेही.