लक्षद्वीप : सहलीपूर्वी जाणून घ्यावे असे काही

अरबी समुद्रात कोचीपासून सुमारे २२० ते ४४० किलोमीटर अंतरावर पसरलेला लक्षद्वीप हा क्षेत्रफळाने देशातील सर्वांत लहान केंद्रशासित प्रदेश आहे. ३६ बेटांचे एकूण क्षेत्रफळ अवघे ३२ चौरस किलोमीटर असून त्यांपैकी १० बेटांवर वस्ती आहे. २०११ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या ६४,४७३ होती. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी दिलेल्या भेटीनंतर या बेटांविषयी पर्यटकांचे कुतूहल वाढले.

परवाना

येथील मूळ रहिवाशांचा समावेश अनुसूचित जमातींमध्ये होतो. त्यांच्या हितरक्षणासाठी १९६७ च्या नियमांन्वये बाहेरील व्यक्तींच्या प्रवेशावर निर्बंध आहेत. भारतीय नागरिकांनाही पूर्वपरवाना घ्यावा लागतो. परवाना व निवास निश्चित झाल्याखेरीज प्रवासाची तिकिटे काढणे धोक्याचे ठरते. कारण बेटांवर निवासाची सोय मर्यादित आहे.

प्रवास व हंगाम

प्रवासाचे मुख्य द्वार कोची हे आहे. तेथून अगत्ती बेटावर विमानाने जाता येते. जहाजाच्या प्रवासास बेटाच्या अंतरानुसार साधारणतः १४ ते १८ तास लागतात. नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या काळात समुद्र खवळलेला असल्याने ऑक्टोबर ते मे महिन्याचा मध्य हा काळ सोयीचा मानला जातो. हवामानामुळे वेळापत्रक बदलू शकते, म्हणून परतीच्या प्रवासात एक-दोन दिवस हाताशी ठेवावेत.

कोणते बेट?

कवरत्ती हे राजधानीचे ठिकाण आहे. कदमत पाण्याखालील सफरीसाठी, तर बंगाराम निवांतपणासाठी ओळखले जाते. दक्षिणेकडील मिनिकॉय येथे १८८५ साली उभारलेला दीपस्तंभ आहे. इतर बेटांवर मल्याळमशी जवळीक असलेली बोली बोलली जाते, मिनिकॉयमध्ये मात्र मालदीवच्या भाषेशी नाते सांगणारी महल भाषा प्रचलित आहे. बहुसंख्य रहिवासी मुस्लिम आहेत. त्यामुळे गावात वावरताना साधा पोशाख असावा. मद्यबंदीच्या नियमांचीही आधी माहिती घ्यावी.

पाणी आणि प्रवाळ

या बेटांवर एकही नदी नाही. पावसाचे गोडे पाणी वाळूखाली खाऱ्या पाण्यावर पातळ थराच्या रूपाने तरंगते. उपसा वाढला की विहिरी खारट होतात. यासाठीच २००५ मध्ये कवरत्ती येथे समुद्राचे पाणी गोडे करणारा, दररोज एक लाख लिटर क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला. पाणी जपून वापरणे हे पाहुण्याचे पहिले कर्तव्य ठरते.

लाटांपासून बेटांचे रक्षण करणाऱ्या प्रवाळभित्तींना समुद्राच्या वाढत्या तापमानाचा फटका १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये बसला. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असून ते तोडणे वा सोबत नेणे गुन्हा आहे. त्यांवर उभे राहणेही टाळावे. कचरा, विशेषतः प्लास्टिक, मुख्य भूमीवर परत आणणे उत्तम. कारण एवढ्याशा भूमीवर त्याला जागाच नाही.