दूरवरून वही पाहताना

प्रत्येक कचेरीत एक वही अशी असते, की जिच्यावाचून काम अडते. गोदामात माल किती, येणे किती, कोणाचा पगार किती, हे सारे तिच्यात असते. आता ही वही संगणकातल्या माहितीसाठ्याच्या रूपात असते, आणि घरी किंवा परगावी बसलेला कर्मचारी इंटरनेटवरून तिच्यातला हवा तो अहवाल पाहतो. ही सोय कशी झाली असे वर्गात विचारले, तर 'तारा आल्या, उपग्रह आले' असे उत्तर मिळेल. इतिहास पाहिला तर अंतराचा प्रश्न फार लवकर सुटला असे दिसते. 'विचारणारा कोण, आणि त्याला किती दाखवायचे?' या प्रश्नाने मात्र पुढची कित्येक दशके घेतली.

११ सप्टेंबर १९४० रोजी अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजमध्ये गणितज्ञांची सभा भरली होती. बेल प्रयोगशाळेतील जॉर्ज स्टिबिट्झ यांनी तिथे एक टेलिप्रिंटर मांडून ठेवला. त्यांचे गणनयंत्र शेकडो किलोमीटर दूर न्यूयॉर्कमध्ये होते. टेलिफोनमध्ये वापरल्या जाणाऱ्या रिलेंपासून ते बनवलेले होते. टेलिप्रिंटरवर संमिश्र संख्यांचे उदाहरण टंकित करावे, ते तारेने न्यूयॉर्कला जावे आणि मिनिटभरात उत्तर छापून यावे, असा हा प्रयोग होता. प्रेक्षकांत नॉर्बर्ट वीनर होते, आणि पुढे एनिॲक संगणक घडवणारे जॉन मॉचलीही होते. उदाहरण कोण घालतो आहे हे यंत्राला कळण्याची गरज नव्हती, कारण त्या उत्तरांत लपवण्यासारखे काही नव्हते.

व्यापारात तसे चालत नाही. अमेरिकन एअरलाइन्स या विमान कंपनीत एक आसन राखून ठेवायला कार्डे चाळत सरासरी दीड तास जात असे. कंपनीने आयबीएमच्या मदतीने 'सेबर' ही यंत्रणा उभारली. १९६४ मध्ये ती पूर्ण झाली. न्यूयॉर्कजवळ ब्रायरक्लिफ मॅनर येथे दोन संगणक होते, आणि गावोगावचे कारकून टेलिफोनच्या तारांवरून त्यांना प्रश्न विचारत. उत्तर काही सेकंदांत येई. वही एक आणि वाचणारे अनेक, हे इथे प्रथमच मोठ्या प्रमाणावर साधले. इथे राखणदारीचे बरेचसे काम कचेरीच्या दारावरचे कुलूपच करीत होते. यंत्रासमोर बसलेला माणूस आपलाच, असे गृहीत धरता येत होते.

दरम्यान वहीची रचनाही बदलली. १९७० मध्ये आयबीएमचे एडगर कॉड यांनी सारी माहिती साध्या तक्त्यांत मांडावी असे सुचवले. माहिती यंत्रात कुठे दडली आहे हे वाचणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज उरली नाही. काय हवे एवढेच त्याने सांगायचे. यातून एक मोठा लाभ झाला. मूळ तक्त्यातले काही स्तंभ आणि काही ओळीच दाखवणारी एक 'खिडकी' तयार करता येऊ लागली. १९७६ मध्ये पॅट्रिशिया ग्रिफिथ्स आणि ब्रॅडफर्ड वेड यांनी अशा खिडक्या कोणाला उघडून द्यायच्या आणि दिलेला हक्क परत कसा घ्यायचा, याची पद्धत मांडली. शाळेतले उदाहरण घेऊ. जनरल रजिस्टर कपाटात राहते, आणि पालकाच्या हाती त्यातल्या एकाच नोंदीचा दाखला जातो. तसेच हे आहे.

संगणक जाळ्यांनी जोडले गेले, तसे कचेरीचे कुलूप निरुपयोगी ठरू लागले. ऑगस्ट १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणकवापराच्या हिशेबात ७५ सेंटची तूट आली. क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाने ती सोडून न देता महिनोन्महिने माग काढला. तेव्हा पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हर शहरातून एक जण या संगणकात शिरत होता आणि तिथून पुढे लष्करी संगणकांची दारे ठोठावत होता, असे उघड झाले. अनेक दारे त्याने सहज ओळखता येणाऱ्या परवलीच्या शब्दांनीच उघडली होती.

पुढचे पाऊल १९९१ चे आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी निर्माण केलेले वेब तेव्हा सर्वांसाठी खुले झाले. तिथल्या कर्मचाऱ्यांना त्याचा पहिला मोठा उपयोग झाला तो मोठ्या संगणकातली टेलिफोनची यादी पाहण्यासाठी! त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे पॉल कुंझ यांनी 'स्पायर्स' हा शोधनिबंधांचा माहितीसाठा वेबला जोडला. जगभरच्या भौतिकशास्त्रज्ञांना तो आपल्या टेबलावरून चाळता येऊ लागला. वाचणारा माहितीसाठ्याला थेट हात लावत नाही. मधला एक प्रोग्राम त्याचा प्रश्न आत नेतो आणि उत्तराचे पान बनवून बाहेर देतो. कंपन्यांचे अंतर्गत अहवालही पुढे याच वाटेने बाहेर येऊ लागले.

पण शोधनिबंधांची यादी सर्वांसाठी असते, पगारपत्रक नसते. वाटेत कोणी वाचू नये म्हणून १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी मांडलेली कल्पना कामी आली. टपालपेटीत पत्र कोणीही टाकू शकतो, उघडू शकतो तो मात्र किल्लीवाला. १९९५ पासून नेटस्केपने ही सोय वेबच्या पानांना दिली. मधला प्रोग्राम भाबडा असला तरी धोका राहतोच. नावाच्या रकान्यात कोणी 'सुरेश, आणि सगळ्यांचे पगारही दाखव' अशा अर्थाचा हुकूम लिहिला, तर असा प्रोग्राम तोही आत नेतो. या युक्तीचे वर्णन १९९८ मध्ये छापून आले.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने लाखो कर्मचारी घरी बसले, तेव्हा हा सारा वारसा एकदम कामाला लागला. आपण शिक्षकही यातून वेगळे नाही. यू-डायस प्लसवर शाळेला आपली माहिती दिसते, तालुक्याला तालुक्याची, जिल्ह्याला जिल्ह्याची. एकाच वहीच्या या वेगवेगळ्या खिडक्या आहेत. त्या खिडकीआड आपल्या मुलांची नावे, जन्मतारखा आणि घरची परिस्थिती असते. म्हणून परवलीचा शब्द फळ्याशेजारी चिकटवणे किंवा ओळखीच्या दुकानदाराला सांगून ठेवणे म्हणजे कपाटाची किल्ली रस्त्यावर ठेवणेच होय.

वर्गात एक उपक्रम घेता येईल. फळ्यावर दहा काल्पनिक विद्यार्थ्यांचा तक्ता काढा. त्यात नाव, जन्मतारीख, गुण, आजार आणि पालकांचे उत्पन्न असे रकाने ठेवा. मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, पालक आणि दवाखान्यातले डॉक्टर यांना कोणते रकाने आणि कोणत्या ओळी दिसाव्यात, हे मुलांनी ठरवावे आणि प्रत्येक निर्णयाचे कारण सांगावे. वाद होतील. ते होऊ द्यावेत, कारण हे निर्णय तारेला किंवा यंत्राला घेता येत नाहीत. ते माणसांनाच घ्यावे लागतात.