कुंकू-टिकलीची अ‍ॅलर्जी

कुंकू किंवा टिकली लावतो त्या जागी खाज सुटणे, पुरळ उठणे, कपाळ काळवंडणे किंवा पांढरा डाग पडणे, असा हा त्वचाविकार. हळद, टाकणखार आणि लिंबाचा रस यांपासून घरी होणाऱ्या कुंकवाची जागा बाजारात बव्हंशी कृत्रिम रंगांनी घेतली, आणि टिकलीबरोबर डिंकही कपाळावर आला. या विकारावरचे मोलाचे काम सरकारी रुग्णालयांत झाले. अलाहाबादच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. ए. के. बजाज आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये टिकलीच्या डिंकातील पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफिनॉल हे रसायन पांढऱ्या डागांमागे असल्याचे दाखवले. हे रसायन त्वचेच्या रंगपेशींनाच मारते, त्यामुळे असा प्रत्येक डाग अ‍ॅलर्जीचा नसतो. पण लोक त्याला कोड समजतात आणि बाईला त्याची सामाजिक शिक्षा भोगावी लागते. पुदुच्चेरीच्या जिपमेर या केंद्रीय संस्थेतून २००७ मध्ये कुंकवाने त्वचादाह झालेल्या ४६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला.

कारण शोधण्याची रीत साधी आहे. संशयित पदार्थ पट्टीखाली पाठीवर ४८ तास ठेवतात आणि त्वचेवरची प्रतिक्रिया पाहतात. मात्र कोणते रसायन टाळायचे हे कळल्यावर ते डबीवर वाचता आले, तरच त्या निदानाचा उपयोग. इथेच नियम आड येतो. सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनावर घटकांची यादी द्यावी लागते, पण ३० ग्रॅमपेक्षा कमी घन पदार्थांच्या आणि ६० मिलिलिटरपेक्षा कमी द्रवांच्या वेष्टनांना त्यातून सूट आहे. रत्नागिरी तालुक्यातल्या पालीच्या दुकानात घेतलेली दहा ग्रॅमची डबी या सवलतीत बसते. म्हणजे रोज, वर्षानुवर्षे, एकाच जागी लावली जाणारी वस्तूच यादीविना विकता येते.

एवढ्याशा डबीवर यादी मावणार कशी, आणि कुंकू करणाऱ्या बचतगटांवर हा बोजा कशाला, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. तरीही पॅराफिनिलिनडायअमीन असलेल्या केसांच्या कलपावर आधी त्वचेवर चाचणी घेण्याची सूचना इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेत छापणे सक्तीचे आहे. छोट्या पाकिटावरही ती छापली जाते. कुंकू-टिकलीवर सगळी यादी नको, रंगाचे आणि डिंकाचे नाव पुरे. असे रुग्ण थोडेच असतात, हा दुसरा आक्षेप टिकत नाही. टिकली बदलून गप्प बसणारी बाई कोणत्याच नोंदवहीत येत नाही. औषधांच्या दुष्परिणामांची देशव्यापी नोंद २०१० पासून होते. तीच सवय प्रसाधनांच्या बाबतीत प्राथमिक आरोग्य केंद्रांना लावली, तर जिपमेरच्या ४६ रुग्णांपुढचे चित्र दिसू लागेल.