चिखलदऱ्याची यात्रा आणि चांगदेवचा संगम



यावल-रावेरच्या शिवारातून उत्तरेस दिसणारी सातपुड्याची निळी रेघ आपल्या नित्य परिचयाची आहे. हीच पर्वतराजी पूर्वेस वऱ्हाडात गेल्यावर गाविलगडचे डोंगर हे नाव धारण करते, आणि तेथे सुमारे १,११८ मीटर उंचीवर चिखलदरा वसले आहे. गेल्या श्रावणात सहकुटुंब तेथे जाण्याचा बेत ठरला, तेव्हा आमच्या मातोश्रींनी विचारले, "ती तर हवा खाण्याची जागा. श्रावणात तीर्थास जावे. तेथे कोणते तीर्थ आहे?" त्या प्रश्नाच्या उत्तरार्थ प्रस्तुत लेख सिद्ध झाला आहे.

भुसावळहून आगगाडीने बडनेरा आणि पुढे अमरावती-परतवाड्यावरून मोटारीने आम्ही घाट चढू लागलो, तो धुक्याने रस्ताच गिळला. अज्ञातवासात भीमाने कीचकाचा वध करून त्याचे प्रेत ज्या दरीत लोटले ती कीचकदरा, आणि तिचेच पुढे चिखलदरा झाले, अशी परंपरा आहे. जवळच भीमकुंड आहे. कड्याच्या कपारीत देवीचे स्थान असून तेथे खडकातून पाणी झिरपत असते. मातोश्रींनी तेथे हात जोडले खरे, परंतु त्यांचे समाधान झालेले दिसले नाही.

धुके विरळ झाले तेव्हा झाडांच्या सावलीतील कॉफीचे मळे दिसले. १८२३ साली हैदराबादच्या फौजेतील कॅप्टन रॉबिन्सन या पठारावर आला. त्यानंतर इंग्रजांनी येथे थंड हवेचे ठाणे वसविले व त्यांच्याच अमदानीत कॉफीची लागवड झाली. मात्र कॉफी हिंदुस्थानात आली ती यात्रेकरूच्या हातून. सतराव्या शतकात बाबा बुदन या फकिरांनी मक्केच्या यात्रेहून परतताना सात बिया आणून कर्नाटकातील चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. दत्तात्रेयांचे पीठही त्याच डोंगरात आहे, हे दत्तभक्तांस सांगणे नलगे.

पठारालगतच गाविलगड आहे. १८०३ च्या युद्धात बऱ्हाणपूरजवळचा असीरगड २१ ऑक्टोबरला पडला आणि १५ डिसेंबरला वेलस्ली व स्टीव्हन्सन यांच्या फौजांनी नागपूरकर भोसल्यांचा हा गड घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता कामास आला. दोनच दिवसांनी देवगावचा तह होऊन वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेले. पुढे १८५८ साली, तात्या टोपे याचा आश्रय घेतील या भीतीने, इंग्रजांनी गडाची मोडतोड केली. सातपुड्याचे हे दोन पहारेकरी दोन महिन्यांच्या आत पडले. त्यांपैकी एक तर जुन्या खानदेशच्या राजधानीचा राखणदार होता.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या डोंगराच्या दक्षिण उतारावरील पाणी चंद्रभागेतून पूर्णेस मिळते. ही चंद्रभागा पंढरपूरची नव्हे, वऱ्हाडची. उत्तरेकडील मेळघाटचे पाणी सिपना नदी तापीत नेते. एका डोंगरावर पडलेला पाऊस असा दोन वाटांनी निघतो, आणि जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे, पूर्णा व तापी जेथे भेटतात तेथे, पुन्हा एक होतो. महाशिवरात्रीस आपण ज्या संगमावर स्नान करतो, त्याचे पाणी या धुक्यातूनही येते.

हे ऐकून मातोश्री क्षणभर स्तब्ध राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आजवर मी याच पाण्यात न्हात आले!" परतताना त्यांनी देवीच्या कपारीतील पाणी लहानशा तांब्यात भरून घेतले आणि ते चांगदेवच्या संगमात सोडले.

१९७४ पासून मेळघाटचे अरण्य व्याघ्र प्रकल्प म्हणून राखले गेले आहे. ते राखण्यात कोरकू बांधवांचाही वाटा आहे. डोंगरावरील झाड पावसाचे पाणी धरून ठेवते आणि आपल्या नद्यांस सावकाश सोडते. म्हणून तेथे जाणाऱ्या ज्ञातिबांधवांस एकच विनंती: संगमावर आपण जसे पाय धुऊन उतरतो, तसेच त्या पठारावर वागावे. तेथे टाकलेला कचरा आपल्याच तीर्थात येत असतो.